ठोक्यानं घेतलेलं नाव

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात तूरडाळीची एक रिकामी पिशवी ठेवलेली आहे. एक किलोची, समोरून पारदर्शक. मागे शेतकरी उत्पादक कंपनीचं नाव, परवान्याचा नंबर आणि त्याखाली वेबसाइटचा पत्ता. त्या पत्त्यावर एक पांढरी चिकटपट्टी आहे, थोडी तिरकी लागलेली. ती लावली गेली तेव्हा मी त्याच पडवीत बसून तेच काम करत होतो.

परभणीत स्टेशन रोडला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. पीकविम्याचे अर्ज, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सातबाऱ्याचे उतारे हा रोजचा धंदा. वेबसाइट करून देण्याचं काम पुढं त्यात आपोआप आलं. कुणाचा दवाखाना, कुणाची शाळा, कुणाचं मंगल कार्यालय. लोक विचारायचे, "नाव कायमचं आपलं झालं ना सर?" आणि मी बिनधास्त "हो" म्हणायचो. ते "हो" चुकीचं होतं, हे कळायला मला फेब्रुवारी २०२२ उजाडावा लागला.

ही कंपनी मानवतच्या पट्ट्यातली. सभासद सगळे कोरडवाहू शेतकरी. कापूस, सोयाबीन आणि तूर घेणारे. त्यांनी छोटी डाळमिल टाकली, पॅकिंगचं काम गावातल्या बचत गटाच्या बायकांनी उचललं. वेबसाइटचं नाव ठरवायला बसलो तेव्हा अध्यक्षांचा एकच हट्ट होता, की नावात परभणी पाहिजे. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या कृषी विद्यापीठानं भेंडीचं वाण काढलं तर त्याला परभणी क्रांती म्हटलं, ज्वारीला परभणी मोती म्हटलं, आणि त्या पाकिटांवरून आपल्या जिल्ह्याचं नाव कुठल्या कुठं गेलं. मग डाळीनं का जाऊ नये? मला ते पटलं. परभणीचं नाव असलेलं एक सुटसुटीत डॉट कॉम मोकळं होतं, ते घेतलं. माझ्याच खात्यात, माझ्याच कार्डावर. वर्षाला हजाराच्या आत पैसे. "ऑटो रिन्यू" वर टिचकी मारली आणि विसरून गेलो.

त्या फेब्रुवारीत बचत गटाच्या संचालक ताईंचा फोन आला. "दादा, पुण्याच्या गिऱ्हाईकाचा फोन आला होता. पिशवीवरचा पत्ता टाकला तर जुगार निघायलाय म्हणाले. आपलीच साईट हाय ना ती?"

मी दुकानातच उघडून पाहिलं. लाल-सोनेरी पान, फिरणारी चाकं, नाण्यांचा पाऊस आणि मला न समजणारी भाषा. ती इंडोनेशियन होती, हे पुढं कळलं. वर पत्त्याच्या पट्टीत मात्र आपलंच नाव. त्यात परभणी. माझ्या हातापायातलं बळच गेलं. समोर एक आजोबा पीएम किसानचं केवायसी करायला बसले होते. त्यांना थोडं थांबा म्हणालो आणि मागच्या खोलीत जाऊन पाणी प्यालो.

मग जुनी मेल उपसली. सगळं तिथंच पडलेलं होतं. नावाची मुदत ९ नोव्हेंबर २०२१ ला संपत होती. डॉट कॉमसारख्या नावांसाठी जागतिक संस्थेचा, म्हणजे आयकॅनचा, नियम आहे की नाव विकणाऱ्या कंपनीनं मुदतीच्या साधारण महिनाभर आधी एक, आठवडाभर आधी एक आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांत एक अशी सूचना पाठवलीच पाहिजे. तिन्ही आल्या होत्या. जाहिरातींच्या ढिगात मी त्या उघडल्याच नव्हत्या. माझा भरवसा ऑटो रिन्यूवर. पण १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नवा नियम लागू झाला होता. कार्डावरून ठरावीक काळानं आपोआप कापले जाणारे पैसे ग्राहकाची नव्यानं परवानगी घेतल्याशिवाय आणि चोवीस तास आधी कळवल्याशिवाय कापायचे नाहीत. नियम ग्राहकाच्या भल्याचाच होता. त्याची बातमी मी वाचली होती, दुकानात येणाऱ्यांना समजावूनही सांगितली होती. आपल्याच कार्डावर कुणाकुणाची नावं लटकलेली आहेत, हे मात्र डोक्यात आलं नाही. पैसे कापले गेले नाहीत, एवढंच झालं. चूक सगळी माझी.

नंतर काय काय घडत गेलं ते मी अध्यक्षांना ठोक्याच्या भाषेत सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत ते मलाही नीट समजलं नसतं. आपल्याकडं शेत ठोक्यानं घेतात. वर्षाचे पैसे आधी मोजायचे, वर्षभर कसायचं, मालक वेगळाच. इंटरनेटवरचं नाव असंच असतं. ते विकत मिळतच नाही, ठोक्यानं मिळतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा ठोका भरता येतो, त्याच्या पुढं नाही. ठोका चुकला की लगेच कुणी बांधावरून हुसकून लावत नाही. डॉट कॉममध्ये पहिले काही दिवस, बहुतेक ठिकाणी तीस ते पंचेचाळीस, साध्याच भावात पुन्हा भरता येतं. साइट मात्र त्या काळात बंद पडते. त्यानंतर नाव रद्द होतं आणि तीस दिवसांची सोडवणुकीची मुदत सुरू होते. गहाण पडलेला दागिना सोडवावा तसं. तेव्हा साध्या भावाच्या आठ-दहा पट मोजावे लागतात, पण नाव मिळतं. ते तीस दिवसही गेले की पाच दिवस नाव नुसतं पडून राहतं, त्या पाच दिवसांत मूळ धन्यालाही हात लावता येत नाही. आणि सहाव्या दिवशी ते बाजारात. ज्याचा हात आधी पडेल त्याचं.

"म्हणजे अडीच महिने होते आपल्याकडं," अध्यक्ष म्हणाले.

होते. त्या अडीच महिन्यांत तूर काढणीला आली, मिल चालू झाली, पाच हजार पिशव्या छापून आल्या. साइट बंद आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण सगळे एकमेकांशी व्हॉट्सअॅपवर बोलत होते. जानेवारी २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात नाव सुटलं आणि त्याच दिवशी उचललं गेलं.

मानवतच्या डाळीचं नाव सातासमुद्रापलीकडच्या जुगाऱ्याला कशाला हवं, हा प्रश्न मलाही पडला होता. तो उलगडला तेव्हा जास्त वाईट वाटलं. सुटणाऱ्या नावांवर संगणक लावून बसलेल्या कंपन्या असतात. त्यांना डाळीशी देणंघेणं नसतं. त्या बघतात की या नावाकडं बोट दाखवणारी पानं किती आहेत. आपल्या कंपनीबद्दल दोन वर्तमानपत्रांनी लिहिलं होतं, कृषी खात्याशी संबंधित एका यादीत पत्ता होता, एका प्रदर्शनाच्या पानावर होता. शोधयंत्रं अशा खुणांवरून ठरवतात की हे नाव भरवशाचं आहे. चार-पाच वर्षांत शेतकऱ्यांनी कमावलेली ती पत जुगाऱ्यानं काही डॉलरांत उचलली आणि तिच्यावर आपलं दुकान थाटलं.

कोर्टकचेरीचा विचार केला. ओळखीचे वकील म्हणाले, कायदा आपल्या बाजूनं बोलू शकतो. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं, असं सांगितलेलं आहे. पण समोरचा कोण, कुठला, ते कळत नव्हतं. नोंदीत त्याचं नाव झाकलेलं होतं. डॉट कॉमसाठी जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडं तक्रार करता येते, तिथं एका पंचाची फीच दीड हजार डॉलर. शिवाय त्यानं नाव वाईट हेतूनं घेतलं आणि त्या नावावर आपला हक्क आधीपासून होता, हे दोन्ही सिद्ध करायचं. कंपनीचं नोंदणीकृत नाव वेगळं, साइटचं नाव वेगळं. ट्रेडमार्क केलेलाच नाही. संचालक मंडळानं विचार केला आणि ते पैसे मिलच्या दुरुस्तीला ठेवले. बरोबरच केलं.

मी नवं नाव घेतलं, या वेळी डॉट इन. आपल्या देशाच्या या नावांचा कारभार निक्सी ही संस्था बघते. नाव कंपनीच्याच नावावर, कंपनीच्याच ईमेलवर नोंदवलं. पैसे मी भरले, ते मी भरणारच होतो. राहिला प्रश्न पाच हजार पिशव्यांचा. फेकल्या तर नुकसान मोठं. तेव्हा ताईंनी चिकटपट्ट्यांचा मार्ग काढला. मी नवा पत्ता छापलेल्या पट्ट्यांचे कागद घेऊन गेलो आणि दोन दिवस बायकांबरोबर पडवीत बसून पट्ट्या लावल्या. कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. चहा आला, भाकरी आली, वर कुरकुरीत कापण्या आल्या. बोललं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मीच विषय काढला आणि त्यांना मायक्रोसॉफ्टची गोष्ट सांगितली. १९९९ च्या नाताळात त्या कंपनीचं पासपोर्ट डॉट कॉम हे नाव पैसे न भरल्यामुळं लटकलं होतं. हॉटमेल, म्हणजे आपल्या बंगळुरात वाढलेल्या सबीर भाटियानं जॅक स्मिथबरोबर सुरू केलेली आणि पुढं मायक्रोसॉफ्टनं घेतलेली मेलसेवा, तिच्यात शिरायचा रस्ता याच नावावरून जायचा. लोकांना मेल उघडेना. शेवटी मायकेल चेनी नावाच्या एका अमेरिकन प्रोग्रॅमरनं स्वतःच्या कार्डावरून पस्तीस डॉलर भरले आणि ते सुरळीत झालं.

ताईंनी पट्टी लावता लावता विचारलं, "त्यांच्याकडं तर एवढी माणसं असतील. मग कुणाचं काम होतं ते?"

मी उत्तर शोधत बसलो. कुणाचं काम होतं? माझ्या मते हाच त्या प्रकरणाचा गाभा आहे. पैसे थोडे असतात आणि काम वर्षातून एकदाच येतं, म्हणून ते कुणाच्याच नावावर लिहिलेलं नसतं.

त्या वर्षी गुढीपाडवा २ एप्रिलला होता. आमच्याकडं सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं, शेतीचे ठोके पाडव्याला ठरतात. वडील अजून पाडव्याला सकाळी पूजा झाली की नवी वही उघडतात. मी त्यांच्याकडून एक वही मागून घेतली. लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी. तिच्यात मी आजवर केलेली एकूणएक नावं लिहिली. कुणाचं नाव, कुणाच्या नावावर नोंद, कुठला ईमेल, कुठला मोबाइल, मुदत कधी, पैसे कोण भरणार. डोमेनची मुदत संपायच्या आधी कधीही पुढचं वर्ष भरता येतं आणि उरलेले दिवस बुडत नाहीत. म्हणून मुदत नोव्हेंबरची असो की जुलैची, सगळ्यांचं पाडव्यालाच भरायचं ठरवलं. मोबाइलमध्ये आठवण लावता येते, ती लावलीच आहे. पण वही उघडली की एकेका नावासमोर एकेका माणसाला फोन करावा लागतो, "साहेब, ठोका भरायलो, चालू ठेवायचं ना?" आणि माणूस निवृत्त झाला, वारला, पोरगं पुण्याला गेलं, नंबर बदलला, हे त्या फोनवर कळतं.

वहीत नसलेली एक शिक्षण संस्था पुढं एका जूनमध्ये माझ्याकडं आली. नवे हेडक्लार्क चौथ्या आठवड्यात दुकानात आले. साइट उघडेनाशी झाली होती आणि माहितीपत्रकावर तोच पत्ता छापून झालेला. मी नोंद काढली. मुदत एप्रिलच्या शेवटी संपलेली, नाव सोडवणुकीच्या मुदतीत, आणि ती मुदत ८ जुलैला संपणार. दिवस हातात होते, पण खातं कुणाच्या हातात?

ते कळायलाच चार दिवस लागले. साइट २००९ मध्ये तिथल्याच एका विद्यार्थ्यानं करून दिली होती. तो आता हिंजवडीला नोकरीत. फोनवर सापडला, भला मुलगा, पण पासवर्ड त्याला आठवेना. नव्या पासवर्डची लिंक नोंदवलेल्या ईमेलवर जाते म्हणाला. नोंदवलेला ईमेल कुठला? संस्थेच्याच नावाचा, त्याच डोमेनवरचा! डोमेन बंद तर मेल बंद, मेल बंद तर लिंक कुठं येणार? घराची किल्ली घरातच राहून दार ओढलं जावं, तसं. मुदतीच्या आधीच्या सूचना त्याच मेलवर आल्या असणार, पण जुने क्लार्क दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यापासून ती पेटी कुणी उघडलेली नव्हती.

नाव विकणाऱ्या कंपनीनं कागद मागितले. ज्याच्या नावावर नोंद आहे त्याच्या सहीचं, संस्थेच्या लेटरहेडवरचं पत्र आणि त्याचं ओळखपत्र. नोंद होती त्या वेळच्या सचिवांच्या नावावर. वय सत्तरीच्या पुढं. घरी गेलो तर सूनबाई म्हणाल्या, "मामंजी पालखीत गेलेत. फोन घरीच ठेवून जातात."

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना परभणीतून जाते. इथून दैठणा, मग गंगाखेड. आमच्या भागातली किती तरी माणसं या दोन-तीन मुक्कामांपुरती पालखीबरोबर चालतात. थांबलो असतो तर ते दोन दिवसांनी परत आलेही असते. पण मानवतचे अडीच महिने माझ्या छातीवर होते. ओळखपत्राची प्रत सूनबाईंनी काढून दिली, पत्र मी छापून घेतलं, आणि हेडक्लार्कला मोटारसायकलवर मागं बसवून गंगाखेड रोडला लागलो.

दैठण्याला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. गावात पाय ठेवायला जागा नव्हती. घराघरासमोर पंगती, कुठं पिठलं-भाकरी, कुठं बुंदी. टाळांचा आवाज सगळीकडून येत होता. जुने सचिव सर आम्हाला एका ओट्यावर पाय चेपत बसलेले सापडले. हेडक्लार्क आधी पाया पडले, मग मी. सगळं ऐकून घेतल्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते नाव मी आणि त्या पोरानं मिळून ठरवलं होतं. संस्थेचं पूर्ण नाव लई लांब होत होतं. तो म्हणाला, सर, गावाकडच्या माणसाला टाइप करता आलं पाहिजे."

मग त्यांनी चष्मा मागितला. तो पिशवीत खाली गेला होता, एका वारकऱ्यानं स्वतःचा दिला. माझ्या दप्तरावर कागद ठेवून त्यांनी सही केली, तारीख घातली आणि सवयीनं खाली लिहिलं: मुक्काम दैठणा. ते खोडावं का, असं हेडक्लार्कनं माझ्याकडं पाहून खुणेनं विचारलं. मी नको म्हणालो.

तो कागद तसाच स्कॅन करून पाठवला. दोन वेळा काही ना काही विचारणा झाली, ईमेल बदलायला आणखी दोन दिवस गेले. पैसे नऊ हजारांच्या वर गेले, संस्थेनं ठराव नंतर केला, आधी भरले. ४ जुलैला दुपारी साइट उघडली. पहिल्या पानावर सरांच्याच काळातला स्नेहसंमेलनाचा फोटो होता. हेडक्लार्क कितीतरी वेळ तो बघत उभे होते. त्या संस्थेचं नाव आता वहीत आहे. नोंद सचिव या पदाच्या नावानं, ईमेल दुसऱ्याच सेवेवरचा आणि मोबाइल कार्यालयाचा.

मानवतच्या त्या जुन्या नावावर माझं लक्ष होतंच. दर पाडव्याला वही मिटायच्या आधी मी ते एकदा तपासायचो. २०२३ ला जुगार चालू होता. २०२४ ला पान पांढरं पडलं होतं, पण नाव त्याच्याकडंच होतं. २०२५ चा पाडवा ३० मार्चला आला. नोंद काढली तर जुगाऱ्यानं जानेवारीत ठोका भरला नव्हता, नाव सोडवणुकीच्या मुदतीत होतं आणि पाच दिवसांत तेही संपणार होतं. आपल्या बाबतीत जे घडलं होतं, त्याच क्रमानं ते आता त्याच्या बाबतीत घडत होतं.

मी संचालकांना विचारायला गेलो. स्पष्ट सांगितलं, की या नावाचा आता उपयोग नाही. शोधयंत्रांच्या दृष्टीनं ते विटाळलेलं आहे, नव्या पत्त्यावर आपला जम बसलाय, हे घेऊन गिऱ्हाईक वाढणार नाही. दरवर्षी हजार रुपये जास्तीचे जातील. अध्यक्ष हिशोबी माणूस, ते गप्प राहिले. ताई म्हणाल्या, "दादा, त्यात परभणी हाय. घ्या."

डॉट कॉमची नावं सुटतात तेव्हा आपल्याकडं मध्यरात्र असते. ९ एप्रिलला मी दुकान बंद केलं नाही. रात्री साडेअकरापासून दर मिनिटाला तपासत बसलो. समोर कुणी स्पर्धक असेल, पुन्हा कुणाचा संगणक आधी हात मारेल, या भीतीनं तळहाताला घाम येत होता. पण ते नाव आता कुणालाच नको होतं. बाराला काही मिनिटं कमी असताना ते मोकळं दिसलं आणि साध्या भावात मिळालं. नोंद कंपनीच्या नावावर केली, पाच वर्षांचे पैसे एकदम भरले.

त्या पत्त्यावर आता एकच पान आहे. वर कंपनीचं नाव, खाली नव्या साइटचा पत्ता आणि ताईंचा पॅकिंग करतानाचा फोटो. दुसऱ्या दिवशी त्यांना लिंक पाठवली तर त्यांचा उलटा फोन आला. त्यांच्याकडं जुन्या पिशव्यांचा एक गठ्ठा अजून शिल्लक होता, पट्ट्या न लावलेला. तो आता वापरला तर चालेल का, असं विचारत होत्या.